रस्त्याकडची बाजू

लग्न झाल्यावर आम्ही दोघं पहिल्यांदा नौपाड्यातून स्टेशनकडे चालत निघालो, तेव्हा माझ्या मिस्टरांनी मला खांद्याला धरून अलगद डावीकडे सरकवलं आणि स्वतः उजवीकडे आले. मला वाटलं, पुढे चिखलबिखल असेल. चिखल नव्हता. बाईमाणसाने दुकानांच्या बाजूने चालायचं आणि पुरुषाने रस्त्याच्या, असा त्यांचा नियम होता. काही अंगावर आलंच तर आधी त्यांच्या अंगावर यावं. त्या काळी नौपाड्यात अंगावर येऊन येऊन काय येणार, एखादी सायकल नाहीतर रिक्षा. पण मी नवी नवरी होते, मला ते फार आवडलं. माझ्या माहेरी वडील झपाझप पुढे चालायचे आणि आई पिशव्या सांभाळत मागून यायची.

त्यांचे बाकीचे नियम हळूहळू कळत गेले. घरात कुणी बाई आली की ते खुर्चीतून उठायचे, मग ती माझी मैत्रीण असो की विरजण मागायला आलेली शेजारीण. रिक्षात आधी बाई बसणार. जिना चढताना बाई पुढे, उतरताना पुरुष पुढे, म्हणजे तोल गेला तर धरता येतं. लग्नकार्यात बायकांची पंगत उठल्याशिवाय हे पानावर बसायचे नाहीत. वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात ते होते, तिथे काम लांबलं की ऑफिसातल्या बायकांना दारापर्यंत पोचवून मग घरी येणार, आणि इकडे मी जेवायची थांबलेली. बिल्डिंगमधल्या बायका मला म्हणायच्या की तुमचे मिस्टर म्हणजे अगदी जंटलमन, आमच्याकडच्यांना जरा शिकवायला सांगा. मी हसायचे. अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. आणि कधी कधी डोकंही फिरायचं.

मला भरभर चालायची सवय. यांच्या आतल्या बाजूने चालताना मी आयुष्यात कधी माझ्या चालीने चालले नाही. हातातली पिशवी ते काढून घेणार म्हणजे घेणारच, तिच्यात नुसता रुमाल आणि चष्मा असला तरी. अहो, मला उचलता येते, असं एकदा मी चारचौघांत म्हटलं, तर त्यांचं तोंड असं उतरलं की जणू मी शिवी दिली. पुढे मी तसं बोलणं सोडून दिलं.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत इतिहास शिकवायचे. मध्ययुगीन युरोपचा धडा आला की मुलींना घोडे, चिलखतं, तलवारी यांत फार रस. नाइट म्हणजे तिकडचे सरदार, त्यांनी शपथ घ्यायची: दुबळ्यांचं रक्षण करीन, स्त्रियांचा मान राखीन, दिलेला शब्द मोडणार नाही. याला मराठीत स्त्रीदाक्षिण्य असा जड शब्द आहे, मुलींची जीभ त्यावर हमखास अडखळायची. मी त्यांना धड्यात नसलेलंही सांगायचे. हा मान गढीतल्या बायकांसाठी होता. शेतात राबणारी बाई त्या शपथेत बसत नव्हती, उलट तोच घोडा तिच्या उभ्या पिकातून जायचा. मग कुणीतरी विचारायचीच की मॅडम, पण गढीतल्या बायकांना तरी कुणी विचारायचं का, तुम्हाला वाचवून घ्यायचंय का म्हणून? वर्ग हसायचा. मीही हसायचे आणि पुढचा मुद्दा घ्यायचे.

घरी हे सांगितलं की मिस्टर नाराज व्हायचे. त्यांचं उत्तर तयार असायचं, कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेचं. महाराजांनी तिला साडीचोळी देऊन मानाने परत पाठवलं, ती गोष्ट. कल्याणला बहिणीकडे जाताना दुर्गाडी किल्ला दिसला की ती गोष्ट निघणारच, आणि सांगताना दर वेळी त्यांचा आवाज भरून यायचा. मलाही भरून येतं, का येऊ नये? फक्त एवढंच मनात यायचं की या गोष्टीत ती सून एकदाही बोलत नाही. घरी गेल्यावर ती काय म्हणाली, ते आपल्याला कुणी सांगितलेलं नाही. हे मी एकदा बोलून दाखवलं तर म्हणाले, तुम्ही इतिहासवाले सगळ्याचा विचका करता.

निवृत्त झाल्यावर त्यांनी गाडी घेतली. आम्हा दोघांना गाडीची काही गरज नव्हती, नौपाड्यात सगळं चालण्याच्या अंतरावर. पण आमच्या बिल्डिंगमध्ये एकट्या राहणाऱ्या बायका बऱ्याच. कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाची मुलगी परदेशात. कुणाला गुडघ्याच्या व्यायामाला जायचं असे, कुणाला गावची एसटी पकडायला खोपटच्या डेपोत. हे न विचारता गाडी काढायचे. पेट्रोलचं नाव काढलं तर रागवायचे. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते किल्ली खिशात टाकायचे, तेव्हा कामावर जाणाऱ्या माणसाचा तजेला त्यांच्या चेहऱ्यावर असायचा. ती गाडी त्यांना किती हवी होती ते मला दिसत होतं, म्हणून पुढे जे झालं ते इतकं अवघड झालं.

गेल्या दिवाळीनंतर चष्म्याचा नंबर तपासायला आम्ही आमच्या नेहमीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा यांनी धडाधड वाचली. मग डॉक्टरांनी त्यांना एका यंत्रापुढे बसवलं. त्यात इकडेतिकडे दिव्याचे ठिपके चमकतात, दिसला ठिपका की बटण दाबायचं. मी बाजूला बसून बघत होते. हे नुसते बसून होते. बराच वेळ बटण दाबलंच नाही, आणि उठल्यावर तिथल्या मुलीला समजुतीच्या सुरात म्हणाले की तुमचं मशीन बिघडलेलं दिसतंय, काही चमकलंच नाही.

काचबिंदू होता, बराच पुढे गेलेला. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. मधलं दिसणं शाबूत होतं, म्हणून पेपर वाचता येत होता, माझ्या सुईत दोरा ओवता येत होता. पण दोन्ही बाजूंचं गेलं होतं. खिडकीचे पडदे दोन्हीकडून ओढून मध्ये फट ठेवावी, तेवढंच उरलं होतं, आणि मेंदू उरलेलं चित्र आपल्या मनाने पुरं करतो म्हणून माणसाला कळतही नाही. थेंब आयुष्यभर घालायचे, गेलेलं परत येणार नाही आणि गाडी आजपासून बंद, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. यांनी डॉक्टरांचे आभार मानले, मला पुढे जाऊ दिलं आणि निघताना दाराच्या चौकटीवर खांदा आपटला.

गाडी बंद झाली नाही. डॉक्टर लोकांना सावधपणे बोलावंच लागतं, असं त्यांनी रिक्षातच ठरवून टाकलं होतं. मी भांडले. रडले. किल्ली डाळीच्या डब्यात लपवली, तर खालच्या मजल्यावरच्या बाई तपासणीला जायला तयार होऊन दारात उभ्या, आणि हे त्यांच्यासमोर कानकोंडे होऊन सगळे खिसे चाचपतायत. मला ते बघवलं नाही. मी डबा उघडला. मग आमच्यात असं ठरलं की अंधारात चालवायची नाही, जोरात चालवायची नाही आणि मी कायम शेजारी बसायचं. त्यांनी माझ्याकडून एकच मागितलं, कुणाला सांगू नकोस. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे फार थोडं मागितलंय.

तेव्हापासून मी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे कोपरे झाले. मागच्या सीटवर कुणी बाई असली की सरळ सांगायची सोय नाही, म्हणून मी गप्पा मारल्यासारखं बोलायचे. डावीकडून रिक्षा घुसली की, अगंबाई, या रिक्षावाल्यांना काही धरबंध नाही. उजवीकडून शाळेची पोरं आली की, किती गोड आहेत हो ही मुलं. मागच्या बाईंना वाटत असेल, शिक्षिका होत्या, बडबडायची सवय. वर्गातल्या पुस्तकातला तो चिलखतवाला आठवायचा, डोक्यावर लोखंडी टोप आणि त्याला डोळ्यांपाशी नुसती फट. त्याला बाजूचं कसं दिसत असेल, असं तेव्हा मला कधी सुचलंच नव्हतं. आता रोज त्याच्या शेजारी बसून मला त्याचा राग येत होता, भीती वाटत होती आणि मायाही.

चालतानाही तेच. अजूनही मला आत सरकवून हे रस्त्याच्या बाजूला. आता नौपाड्यात फुटपाथवर दुकानांचं सामान आणि रस्त्यावर उलटसुलट बाइक. एकदा एका बाइकचा आरसा त्यांच्या कोपराला घासून गेला, शर्ट फाटला. मी त्यांची बाही धरून चालायला लागले. त्यांना वाटलं, या वयात मला प्रेमाचं भरतं आलंय, आणि ते खूश झाले.

या उन्हाळ्यात नणंदेचा फोन आला. ती कल्याणला एकटी राहते, तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. तिची मुलगी, आमची भाची, घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये राहते. तिला दिवस गेले होते, महिने भरत आले होते, आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून तिला कल्याणला आणायचं होतं. जावई कंपनीच्या कामावर बाहेरदेशी, थेट बाळंतपणाच्या वेळी येणार. फोन स्पीकरवर होता. नणंद म्हणाली, दादा, तूच जाऊन आण तिला, तू असलास की मला घोर नाही. हे म्हणाले, हे काय सांगणं झालं.

मी ओट्यापाशी उभी होते, मी गॅस बंद केला. बिल्डिंगमधल्या बायकांना खोपटला सोडणं वेगळं, आमच्याकडच्या डोहाळजेवणानंतर भाचीला कशीबशी घरी पोचवली तेही वेगळं, आणि महिने भरलेली मुलगी मागे बसवून घोडबंदरच्या ट्रकांमधून, मेट्रोच्या खांबांमधून, भिवंडी बायपासने कल्याण गाठणं वेगळं. त्या आठवड्यात मी रोज विषय काढला. टॅक्सी मागवू म्हटलं. त्यांना ते लागलं. पहिलटकरणीला मामा असताना भाड्याच्या गाडीने आणायचं? तिचे वडील नाहीत, मी नाही गेलो तर कोण जाणार? त्यांचा आवाज चढला नाही, कधीच चढत नाही. भांडायच्या आधी बसायला खुर्ची ओढून देणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? नणंदेला फोन करावा म्हणून मी किती वेळा नंबर काढला आणि फोन परत ठेवला. शब्द दिला होता. आणि खरं सांगायचं तर भावाबद्दल हे ऐकून तिचा आवाज कसा होईल, ते मला ऐकायचं नव्हतं.

ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. यांनी भाचीच्या पाठीला म्हणून घरातली मऊ उशी बरोबर घेतली होती. माजिवड्याच्या पुढे रस्ता खोदलेला, पत्र्यांचे अडसर, धूळ, गाड्या एकमेकींच्या अंगावर. मी बोलतच होते. मानपाड्याजवळ डावीकडच्या पत्र्यांच्या फटीतून एक बाई लहान मुलीचा हात धरून रस्त्यात उतरली. मी तिला आधीपासून बघत होते. हिरवी साडी, डोक्यावर पदर, उन्हाने बारीक केलेले डोळे. मला वाटलं, हे थांबतायत. गाडी थांबत नव्हती. मी ओरडले, यांनी करकचून ब्रेक मारला. बाईने मुलीला मागे खेचलं आणि बॉनेटवर हाताचा पंजा आपटला.

यांनी काच खाली केली आणि तिची इतक्या अदबीने माफी मागितली, मुलीला लागलं नाही ना म्हणून इतकं काकुळतीने विचारलं, की त्या बाईचाच राग विरघळला. जाऊ दे काका, असं म्हणून ती निघून गेली. काच वर करत हे मला म्हणाले, बिचारी एकदम समोर आली. ती एकदम आली नव्हती. ती कितीतरी वेळ तिथेच होती. यांच्यासाठी ती नव्हतीच, बॉनेटच्या समोर येईपर्यंत ती आणि ती पोर या जगात नव्हत्या. स्त्रियांसाठी उभा जन्म उठून उभं राहणाऱ्या माणसाला रस्त्यातली बाई दिसली नव्हती.

भाची टॉवरच्या खाली पार्किंगमध्येच येऊन थांबली होती, हातात बॅग. चेहरा सुजलेला, पावलं जड, तरी आम्हाला बघून हसली. यांनी धावत जाऊन तिच्या हातातली बॅग घेतली. मागचं दार उघडलं, सीटवर उशी ठेवली, हाताने दाबून नीट बसवली. मग किल्ली हातात घेऊन पुढे आले. मी गाडीच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

"किल्ली द्या," मी म्हटलं.

ते हसले. मला म्हणाले, बस गं, ऊन वाढायच्या आत निघू. त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. त्या हसण्याने माझा सगळा संयम सुटला आणि सुटला म्हणूनच मी बोलू शकले. मी भाचीकडे वळून म्हटलं, "तुझ्या मामाला बाजूचं काही दिसत नाही. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितलीय. तू या गाडीत बसायचं नाही."

पार्किंगमध्ये आवाज घुमतो. मला वाटलं, सगळ्या टॉवरला ऐकू गेलं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त शर्टाची कॉलर नीट केली, भरल्या सभेत कुणी अंगावरचं वस्त्र ओढावं तसे ते उभे होते, आणि ओढणारी मी होते. ज्या पोरीसमोर त्यांनी कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता, तिच्यासमोर.

भाची उघड्या दाराला धरून उभी होती. तिला धक्का बसेल, ती रडेल, अशा तयारीने मी होते.

"मामी, मला माहितीये," ती म्हणाली.

ती हळूहळू बोलली. डोहाळजेवण झाल्यावर मामाने तिला घरी सोडलं होतं, मी पुढे बसले होते. माजिवड्याला एक बाइकवाला आमच्या गाडीला चुकवताना पडता पडता वाचला आणि मामाला पत्ताच नव्हता. माझं ते रिक्षावाल्यांवरचं पुराण चालू होतं. तेव्हा तिला सगळं कळलं, माझ्या बडबडीसकट. आईला तिने सांगितलं नाही, कारण आई लगेच मामाला बोलली असती.

हे मागच्या सीटवरच्या उशीकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "आणि तरी आज बसणार होतीस?"

ती खाली बघायला लागली. "हळूच जाऊ म्हटलं. मामी असते ना शेजारी."

"पण का, बाळा?"

"तू उशी घेऊन येणार, मला माहीत होतं. नको म्हटलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. शिकलेली, कमावती पोर, लॅपटॉपवर दहा माणसांना कामाला लावणारी. पोटात जीव घेऊन ती त्या गाडीत बसणार होती, कारण मामाचं तोंड उतरलं असतं. डाळीचा डबा मी कशासाठी उघडला होता, ते तरी याहून काय वेगळं होतं? आणि बिल्डिंगमधल्या कोण कोण बायका पोटात गोळा घेऊन आमच्या मागच्या सीटवर बसल्या असतील, कोण कोण गुडघा बरा झाला असं खोटं सांगून घरी राहिल्या असतील, ते मला एकदम दिसायला लागलं. सगळ्या जणी त्यांना जपत होत्या. त्यांच्यापासून कुणी स्वतःला उघडपणे जपत नव्हतं.

यांनी किल्ली माझ्या हातात दिली. मी टॅक्सी मागवली. ती येईपर्यंत आम्ही तिघं तिथेच उभे होतो, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. त्यांनी आमच्या गाडीतून उशी काढली आणि काखेत धरून ठेवली.

टॅक्सी आली. भाची मागच्या दारापाशी गेली आणि उभी राहिली. हँडलला हात लावेना. आधी मला कळलं नाही, वाटलं, तिला वाकायला त्रास होतोय. मग कळलं. मामा येऊन दार उघडेल म्हणून ती थांबली होती, इतकं सगळं बोलून झाल्यावरही.

त्यांच्याही ते लक्षात आलं. ते एक पाऊल पुढे झाले आणि थांबले.

"तुझं तू उघड, बाळा," ते म्हणाले.